खात्रीचं पत्र मिळणार नाही

दिंडोशी, गोरेगाव पूर्व
६ जानेवारी २०२५

ताई,

तू मला फोनवर ब्लॉक केलंयस, मी तुला केलंय, म्हणून हा कागद.

मुद्दा एकच. आईला तुझ्याकडे ने. याच आठवड्यात. खुब्याच्या ऑपरेशनला सात महिने झाले, वॉकर धरून संडासापर्यंत जाते, गोळ्यांची चिठ्ठी मी लिहून देईन. शकुमावशी दिवसभर इथे असतात, पण त्यांना मुलुंडला यायला जमणार नाही. तू दुसरी बाई बघ.

कारण विचारू नकोस. कोर्टात दिवसभर लोक कारणं सांगतात आणि मी ती टाइप करते. मला कारणांचा वीट आलाय. सात महिने मी केलं. तू हॉस्पिटलात दोन तास आलीस. त्यातला एक कॅन्टीनमध्ये गेला आणि दुसऱ्यात तू नर्सला सलाइन लावायला शिकवलंस. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईला जगातलं सगळं येतं हे मला माहीत आहे. आता आई सांभाळून दाखव.

क्षमा

मुलुंड पूर्व
१४ जानेवारी २०२५

क्षमा,

तुझं समन्स मिळालं. आज संक्रांत आहे, तरी या पत्रात गोड काही सापडणार नाही.

काल दुपारी तू कोर्टात असताना मी घरी येऊन गेले. शकुबाईंनी दार उघडलं. आईच्या पलंगावर एकही उशी नाही. मानेखाली गुंडाळलेला टॉवेल! विचारलं तर शकुबाई म्हणतात, "क्षमाताईंनी सगळ्या उशा वॉचमनला देऊन टाकल्या. आणि मला सांगून ठेवलंय, संध्याकाळी जाताना आजींना खोलीची आतून कडी लावायला लावा." बाहत्तर वर्षांची बाई, एका हातात वॉकर, दुसऱ्या हाताने कडी लावते. कोणापासून? स्वतःच्या मुलीपासून. आईला विचारलं तर म्हणते, "अगं, तिला काम फार असतं." अजून तुझीच वकिली.

मी तिथल्या तिथे टॅक्सी बोलावली. आई आता माझ्याकडे आहे. तू सांगितलंस म्हणून आणली असं समजू नकोस. तिचे हाल बघवले नाहीत म्हणून आणली.

आयुष्यात कोणी आला असेल आणि त्याला घरात म्हातारी नको असेल, तर तसं सरळ लिहायचं होतंस. अडतीसाव्या वर्षी लाजायचं काय? पण आईला कोंडून ठेवण्याइतकी खालच्या पातळीची निघशील असं वाटलं नव्हतं. भेटायला यायचं मनात असेल तर येऊ नकोस.

दर्शना

दिंडोशी
२२ जानेवारी २०२५

ताई,

कोणी आलेलं नाही. तुझी कल्पनाशक्ती अजून अकरावीच्या मुलींच्या गप्पांएवढीच आहे हे बघून बरं वाटलं.

आता खरं सांगते. आईला सांगू नकोस.

ऑगस्टमध्ये आमच्या कोर्टात एक खटला चालू झाला. अंथरुणाला खिळलेल्या आईच्या तोंडावर मुलीने उशी दाबली होती. साक्षीदार क्रमांक चार, शेजारीण. ती म्हणाली, "फार प्रेमळ मुलगी होती हो." ते वाक्य मी टाइप केलं. त्या संध्याकाळी आईच्या मानेखाली उशी सरकवताना डोक्यात आलं, मीसुद्धा प्रेमळ मुलगी आहे. आता दाबली तर?

तेव्हापासून ते गेलेलं नाही. चहा गाळताना येतं, न्यायाधीश साक्ष डिक्टेट करत असताना येतं, आईच्या पाठीला साबण लावताना येतं. मला ते करायचं नाहीये, ताई. पण करायचं नाहीये असं मला सांगणारी मीच ना? माझ्यावर मी विश्वास कशाच्या आधारावर ठेवू? म्हणून उशा दिल्या. म्हणून कडी. आईला हात लावणं बंद केलं. ती झोपली की नाकाशी आरसा धरून श्वास बघायचे, कारण वाटायचं, मी केलं असेन आणि विसरले असेन.

ऑफिसातल्या गार्गीला रोज जेवणाच्या सुट्टीत विचारते, "मी कोणाला काही करीन अशी वाटते का गं?" ती म्हणते, "वेडी आहेस का, तुझ्याइतकं चांगलं कोण आहे?" पाच मिनिटं बरं वाटतं. सहाव्या मिनिटाला वाटतं, हिला काय माहीत. त्या शेजारणीला तरी कुठे माहीत होतं?

आता पोलिसात दे, नाहीतर वेड्यात काढ. तुला दोन्ही आवडेल.

क्षमा

मुलुंड
३० जानेवारी २०२५

क्षमा,

पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा घाम फुटला. तिसऱ्यांदा राग आला.

दुसऱ्यांचे गुन्हे टाइप करून करून स्वतःला फार मोठी समजायला लागलीस तू. खून करायला काही धडाडी लागते. तू गॅस सिलिंडरची तक्रार करायला तीन आठवडे घेतेस, आणि फोन लागला की "सॉरी हं" म्हणून ठेवून देतेस. खुनी म्हणे! तोंड बघ आरशात. आरसा आहेच ना घरात.

आमच्या कॉलेजच्या समुपदेशक बाईंना विचारलं. तुझं नाव घेतलं नाही, "ओळखीतली एक मूर्ख बाई" म्हटलं. त्यांनी घाटकोपरचा एक पत्ता दिलाय, तो सोबतच्या चिठ्ठीवर आहे. जा. रडून ये, नाहीतर भांडून ये, पण जा.

आईला काही सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, क्षमाचा फोन आला का. मी रोज खोटं बोलते. तुझ्यामुळे आता तेही आलं माझ्या वाट्याला.

दर्शना

दिंडोशी
१६ फेब्रुवारी २०२५

ताई,

गेले होते. खाली फरसाणचं दुकान, वर दुसऱ्या मजल्यावर ही मानसतज्ज्ञ अपूर्वा. वय सत्तावीस, पायात पांढरे बूट. मी सहा महिन्यांचा नरक सांगितला, हुंदके देऊन सांगितला, आणि ही पोरगी मान डोलावून म्हणते, "ओके. हे आम्ही खूप बघतो." खूप बघतो! मला वाटलं होतं, निदान राक्षस तरी मी एकटीच असेन. तिथेही रांग आहे.

तिचं म्हणणं असं, की असे भयंकर विचार सगळ्यांच्याच डोक्यातून जातात. बाकीचे लोक हे काय भलतंच म्हणून पुढच्या कामाला लागतात. मी त्या विचाराला पकडून त्याची उलटतपासणी घेत बसते. उशा देणं, आरसा, कडी, गार्गीला विचारणं, हे सगळं खात्री मिळवण्यासाठी, आणि जितकी खात्री मागावी तितका आजार वाढतो. त्यामुळे आता खात्री मागायची नाही. भीती वाटते तिथे जाऊन बसायचं आणि ती आपोआप उतरेपर्यंत हलायचं नाही.

यादी केली आम्ही, भीतीला आकडा शून्य ते शंभर. घरात उशी आणणं, चाळीस. आईचे केस विंचरणं, साठ. आई झोपलेली असताना एकटीने तिच्याशेजारी उशी मांडीवर घेऊन बसणं, शंभर. शिवाय रोज अर्धा तास, "मी आईला मारीनही, मला खात्री कधीच मिळणार नाही," हे माझ्याच आवाजात रेकॉर्ड केलेलं ऐकायचं. मी विचारलं, "यासाठी डिग्री लागते?" ती म्हणाली, "लागते. शिवाय पेशंटच्या शिव्या खाव्या लागतात." गोळ्या देणारे डॉक्टर वेगळे आहेत, त्यांच्याकडेही जाऊन आले.

आणि तुझं सिलिंडरचं वाक्य. ते मी दिवसातून चाळीस वेळा वाचत होते. अपूर्वाने ते पत्र माझ्याकडून काढून घेतलं. म्हणाली, हेही गार्गीला विचारण्यासारखंच. बहिणीला सांगा, धीर द्यायचा नाही. मी हसले. म्हटलं, माझ्या बहिणीला ते शिकवावं लागणार नाही.

फोन मात्र अजून नको. फोनवर मी शंभरदा विचारीन. पत्राने विचारलं तर उत्तर यायला चार दिवस लागतात, तोवर लाट उतरलेली असते.

क्षमा

मुलुंड
२२ फेब्रुवारी २०२५

क्षमा,

पांढऱ्या बुटांची पोरगी सांगते म्हणून तू उशी घेऊन आईशेजारी बसणार? ज्याला आगीची भीती वाटते त्याला ही बाई पेट्रोल पंपावर काडेपेटी देऊन उभं करत असेल. मी वीस वर्षं मुलांना प्रयोगशाळेत सांगत आलेय, काय होईल माहीत नसेल तर मिसळू नका. आणि हे लोक माणसांवर मिसळतात.

गोळ्या घे, प्राणायाम कर, सुट्टी काढ. पण माझ्या घरात हा तमाशा होणार नाही. आई म्हणजे तुमच्या प्रयोगाचं साहित्य नाही.

दर्शना

दिंडोशी
१० मार्च २०२५

ताई,

उशी आणली. पिवळ्या खोळीची. पहिले चार दिवस ती हॉलमध्ये खुर्चीवर बसली होती आणि मी स्वयंपाकघरात उभ्याने जेवत होते. पाचव्या दिवशी शेजारी बसले. आता टीव्ही बघताना मांडीवर असते. मला वाटलं, जमतंय.

गुरुवारी त्या खटल्यातली पुढची साक्ष होती. आरोपी बाई पिंजऱ्यात उभी होती. तिने पदर माझ्यासारखाच खोचला होता, ताई. एवढंच. मी बाथरूममध्ये जाऊन ओकले. संध्याकाळी रेकॉर्डिंग ऐकलं नाही. गार्गीला नऊ वेळा फोन केला. नवव्यांदा तिच्या नवऱ्याने उचलला.

अपूर्वा म्हणते, असं होतं, परत सुरू करा. तिच्या बापाचं काय जातं? तू इतकी वर्षं मला ओळखतेस. गार्गी गोड बोलते, तिच्यावर माझा विश्वास नाही. तू कधीच गोड बोलत नाहीस. म्हणून तुझ्याकडून हवंय. एकदाच लिही, की मी असं कधीच करणार नाही. एक ओळ. परत मागणार नाही.

क्षमा

मुलुंड
१७ मार्च २०२५

क्षमा,

शनिवारी मी घाटकोपरला गेले होते. त्या पोरीला धारेवर धरायला. ती म्हणाली, "तुमच्या बहिणीबद्दल त्यांच्या परवानगीशिवाय मी एक शब्दही बोलणार नाही." म्हटलं, बरं, मग माझ्याबद्दल बोल.

कारण मला तिला एक सांगायचं होतं, जे तुला सांगितलं नव्हतं. तुझं जानेवारीतलं पत्र आल्यापासून मी आईच्या खोलीत सतरंजी टाकून झोपते. तू दिंडोशीत, मी मुलुंडात, मधे अख्खा डोंगर, आणि मी दाराची कडी दोनदा तपासते. तुझ्या भीतीने. सायन्सची बाई!

ती हसली नाही. म्हणाली, "दोन महिने कडी तपासून भीती कमी झाली का?" मी म्हटलं, वाढली. ती म्हणाली, "मग तुम्ही तुमच्या बहिणीवर हसता कशाला?" मला इतकं तोंडावर बोललेलं मी कोणाचं ऐकून घेतलेलं नाही. तिचं ऐकलं. परत येताना चुकीच्या दिशेच्या लोकलमध्ये बसले.

आता तुझी एक ओळ. नीट वाच.

करशीलही. मला काय माहीत? मी काय तुझ्या डोक्यात राहते? कोणीच कोणाची हमी देऊ शकत नाही, आणि तुझी तर मुळीच नाही.

ही ओळ लिहायला मला तीन कागद लागले, हे तुझ्या गार्गीला सांग. तिला "तू किती चांगली" म्हणायला काय लागतं?

येत्या रविवारी दुपारी दोनला ये. उशी घेऊन ये. सतरंजी मी गुंडाळून ठेवली आहे.

दर्शना

दिंडोशी
२५ मार्च २०२५

ताई,

रविवारचं मी लिहून ठेवतेय, कारण अपूर्वाला रिपोर्ट हवाय, आणि तू सगळ्यांना तुझ्या सोयीचं सांगशील.

बसमध्ये उशी मांडीवर होती. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, झोपायच्या तयारीनेच आलात." तुझ्या दारात पोचेपर्यंत ब्लाउज घामाने भिजला होता. तू दार उघडलंस आणि नऊ महिन्यांनी तोंडावर बोललेलं पहिलं वाक्य होतं, "चपला बाहेर."

आई दुपारची आडवी झाली होती. तू मला आत ढकललंस, दार लोटलंस आणि बाहेर मटार सोलायला बसलीस. मी खुर्ची पलंगाशी ओढली. उशी मांडीवर. डोक्यात तेच. आता. कोणी बघत नाहीये. एक मिनिट पुरेल. खोळीची नाडी बोटाला गुंडाळत होते, सोडत होते.

मी हाक मारली, "ताई, तू बाहेरच आहेस ना?"

"असेन किंवा नसेन. मटार किडके निघालेत, डोकं खाऊ नकोस."

दहा मिनिटांनी म्हटलं, "ताई, मी उठू का? मला वाटतंय मी खरंच काहीतरी करीन."

"कर मग. नाहीतर ऊठ आणि पळ. पळायची सवय आहेच तुला."

इतका संताप आला तुझा. म्हटलं, आता हिच्या नाकावर टिच्चून बसते. बसले. आकडा पंच्याण्णव होता तो नव्वद झाला, मग बराच वेळ तिथेच अडकला, मग कधीतरी साठ झाला. तासाभराने मला चक्क कंटाळा आला. कंटाळा, ताई! सात महिन्यांत पहिल्यांदा.

मग मी आईकडे बघितलं. कवळी काढलेली, तोंड उघडं, बारीक घोरत होती. ती किती वाळलीय. तुझ्याकडे येऊन वाळलीय असं मी म्हणणार नाही, पण तुझा स्वयंपाक मला माहीत आहे.

ती जागी झाली. म्हणाली, "कधी आलीस? ती उशी दे इकडे. दर्शनाच्या उशा दगडासारख्या आहेत." मी तिचं डोकं उचललं आणि माझ्या हाताने उशी खाली सरकवली. विचार आलाच. आला तसा राहिला.

बाहेर आले तेव्हा तुझ्यासमोर मटाराचा एकही दाणा सोललेला नव्हता. नुसत्या शेंगा घेऊन बसली होतीस. मी चपला घालून निघाले. यावर बोलू नकोस.

क्षमा

मुलुंड
८ एप्रिल २०२५

क्षमा,

आईला सांगितलं. तू नको म्हणाली होतीस, तरी सांगितलं. तू दोन रविवार येऊन तिचे केस विंचरून गेलीस, आणि तू गेल्यावर ती मला विचारते, "इतकी माया आहे तर मला घालवून का दिली?" तीन महिने मी थापा मारतेय. परवा मटकी निवडता निवडता तिने परत विचारलं, आणि मला खोटं बोलायचा कंटाळा आला.

सगळं सांगितलं. खटला, उशी, कडी, आरसा. तिचे हात ताटातच थांबले. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर देवापुढे जाऊन बसेल. म्हणाली, "म्हणजे माझा कंटाळा आला म्हणून नाही पाठवलं?"

"नाही."

"हे जानेवारीत सांगायला काय झालं होतं दोघींना? मी रोज आठवत बसते, माझं काय चुकलं. मी फार हाका मारायचे का. रात्री फार वेळा उठवलं का."

क्षमा, आपण दोघी तिला सांभाळत होतो म्हणे. मी सांभाळत होते खून होऊ नये म्हणून, तू सांभाळत होतीस खून करू नये म्हणून, आणि ती बाई तीन महिने स्वतःला नकोशी समजून माझ्या घरात पाहुण्यासारखी वाटीभर भात खात होती. आपल्याइतक्या मूर्ख मुली कोणाला होऊ नयेत.

मी म्हटलं, "आई, तिला अजून विचार येतात. डॉक्टर म्हणतात, पुढेही येत राहतील."

म्हणाली, "येऊ देत. माझी बॅग कुठे ठेवलीस?"

मी म्हटलं, इथेच राहा ना, काय कमी आहे? म्हणाली, "काही कमी नाही. पण तिथे मला ओरडता येतं." आता याचा अर्थ मी काय घ्यायचा?

तुला तिने चार पानी पत्र लिहिलंय. तू लहानपणी कशी मुंगीलाही जपायचीस, कोणाचं वाईट करणं तुझ्या रक्तात कसं नाही, वगैरे. ते मी कपाटात टाकलंय. तुला मिळणार नाही. तुझ्या अपूर्वाला विचार हवं तर, ती माझ्याच बाजूने बोलेल.

रविवारी तेराला सकाळी अकरा वाजता घेऊन येते. शकुबाईंना कळव. एकदा घर रिकामं झालं की मला निवांत पेपर तपासता येतील. राजेशला जावयाचं कर्तव्य आठवलंय, विचारत होता, महिन्यातून एक शनिवार-रविवार आईंना इकडे आणायचं का. मी म्हटलं, त्या बाईसाहेबांना विचारावं लागेल.

दर्शना

दिंडोशी
२५ एप्रिल २०२५

ताई,

बाईसाहेबांची परवानगी आहे. महिन्यातले दोन शनिवार-रविवार ने. पण तिला ती हिरवी आमटी घालू नकोस, इथे आल्यावर दोन दिवस पोटाची तक्रार होती.

आई आल्या दिवसापासून ओरडतेय. शकुमावशींवर, माझ्यावर, खालच्या मजल्यावरच्या कुत्र्यावर. खोलीची कडी काढून टाकली, सुताराला बोलावून. रेकॉर्डिंग अजून रोज ऐकते. आई बाजूला बसून पेपर वाचते. पहिल्या दिवशी तिने पेपर खाली घेतला, माझा आवाज "मी आईला मारीनही" म्हणतोय ते पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "उच्चार स्वच्छ आहेत हो तुझे. तुझ्या ताईचे नाहीत."

त्या खटल्याचा निकाल मेमध्ये आहे. मीच टाइप करणार आहे. गार्गी म्हणाली, मी घेते तुझ्याऐवजी. मी नको म्हटलं. ती फार दुखावली. गोड माणसांचं असंच असतं.

काल सुट्टी घेतली होती. दुपारी आईची नखं काढायला बसले. ती खिडकीशी खुर्चीत, मी खाली चटईवर. अंगठ्याला नेलकटर लावलं आणि आलं, एकदम आलं, आता खोल दाबलं तर, रक्त आलं तर, तुला तेच हवंय.  वाटलं, उठावं, तुला फोन लावावा. तू मला अनब्लॉक केलंयस ते मला कळलंय, मीही केलंय.

आई म्हणाली, "काय गं, थांबलीस का?"

"विचार आला."

"मोठा आहे?"

"ऐंशी."

"बरं," म्हणाली, आणि हात तसाच माझ्या हातात ठेवून बाहेर बघत बसली. तिने धीर दिला नाही. हात काढूनही घेतला नाही. मी नेलकटर परत टेकवलं. अंगठ्याचं नख काढलं. मग बाकीची चार. एक जरा वेडंवाकडं झालं, त्यावरून तिने मला ऐकवलं.

मग मी म्हटलं, "दुसरा हात दे."

क्षमा